कापल्यावरच सुटणारा निरोप

टोमॅटोची सुमारे २७ किलो पानं. ती वाटायची, रस गाळायचा, त्या रसातले घटक एकामागून एक वेगळे करत जायचं आणि दर टप्प्यावर कामाचा भाग ठेवून बाकीचा ओतून द्यायचा. या सगळ्या खटाटोपानंतर हाती उरलेला पदार्थ होता जेमतेम एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. अमेरिकेच्या वायव्येला पुलमन नावाचं गाव आहे. तिथल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात क्लॅरेन्स रायन, ग्रेगरी पियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं आणि १९९१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केलं, की हा पदार्थ म्हणजे १८ अमिनो आम्लांची छोटी साखळी, एक पेप्टाइड आहे. कोणीतरी आपल्याला खातं आहे, ही खबर टोमॅटोचं रोप या साखळीच्या मदतीनं स्वतःलाच देतं. तिचं नाव सिस्टेमिन.

तोवर वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत संप्रेरकं पाचच असत: ऑक्झिन, सायटोकायनिन, जिबरेलिन, इथिलीन आणि ॲब्सिसिक आम्ल. सगळे लहान, साधे रेणू. प्रथिनांचे तुकडे निरोप्या म्हणून वापरणं हा प्राण्यांचा प्रांत मानला जाई. इन्शुलिन हे त्यातलं सर्वांच्या ओळखीचं नाव. झाडाला रक्त नाही, रक्तातून गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. प्रत्येक पेशी आपापल्या भिंतीत बंदिस्त. अशा देहात जखमेची बातमी पसरते कशी, हा प्रश्न रायन यांनी जवळपास वीस वर्षं सोडला नव्हता.

त्याची सुरुवात बटाट्यापासून झाली होती. बटाट्यात आणि टोमॅटोत अशी काही प्रथिनं असतात, की ती प्राण्यांच्या पोटातल्या ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन अशा पाचक विकरांना घट्ट धरून ठेवतात. विकर अडकलं की अन्नातलं प्रथिन पचत नाही. अळीचं पोट भरतं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. (असे रोधक कडधान्यांतही असतात. उसळ आपण शिजवून खातो त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. उष्णतेनं त्यातले बरेचसे निकामी होतात.) १९७२ साली रायन आणि टी. आर. ग्रीन यांनी कोलोरॅडो भुंगेरे बटाट्याच्या आणि टोमॅटोच्या रोपांवर सोडले. खाल्लेल्या पानांत रोधक वाढला, यात फारसं नवल नव्हतं. पण भुंगेऱ्यानं ज्यांना तोंडही लावलं नव्हतं, अशा दूरच्या पानांतही तो साठू लागला. जखमेपासून तिथपर्यंत काहीतरी पोचलं होतं.

रोधक म्हणजे अळीवरचा रामबाण, असं मात्र कोणी समजू नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घाटेअळीवर या अंगानं बरंच काम झालं आहे. हरभरा, तूर, कापूस, टोमॅटो, या अळीला काहीच वर्ज्य नाही, आणि तिच्या आतड्यात प्रथिनं पचवणारी विकरंही तशीच नाना प्रकारची असतात. एका रोधकानं त्यातली काही अडवली, तर उरलेली कामाला लागतात. जी झाडं या अळीचं खाद्य नाहीत त्यांचे रोधक एकापाठोपाठ एक वापरले तर तिचं पचन अधिक चांगलं अडवता येतं, असं तिथल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. झाड आणि अळी यांच्यातलं हे भांडण कुठल्याच एका प्रथिनानं मिटणारं नाही.

पुन्हा पुलमनकडे. निरोप्या शोधायचा तर आधी त्याला ओळखण्याची चाचणी हवी. ती अशी होती: टोमॅटोची कोवळी रोपं बुंध्यापाशी कापायची, त्यांचे देठ थोडा वेळ संशयित द्रावणात बुडवून ठेवायचे, मग साध्या पाण्यात घालून दिवसभर उजेडात ठेवायचे आणि पानांच्या रसात रोधक किती झाला ते मोजायचं. या चाचणीत पहिल्यांदा हाती लागले ते पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनचे तुकडे. ते रोधक वाढवत, पण जखमेपासून हलत नसत. चिकाटीनं पुढे गेल्यावर सिस्टेमिन सापडलं. त्याची ताकद थक्क करणारी होती. एका रोपाला सुमारे ४० फेम्टोमोल इतकं सिस्टेमिन पुरे होई. वजनात सांगायचं तर ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचाही दहावा हिस्सा नाही. २७ किलो पानांतून एवढंसंच का निघालं, ते इथे कळतं; झाडाला त्याहून जास्त लागतच नाही.

खरी गंमत पुढच्या वर्षी कळली. झाड सिस्टेमिन थेट बनवत नाही. ते २०० अमिनो आम्लांचं एक लांब प्रथिन बनवतं, प्रोसिस्टेमिन, आणि आपली १८ आम्लांची साखळी त्याच्या शेपटीकडे दडलेली असते. प्रोसिस्टेमिनच्या जनुकाचं काम बंद पाडलेली रोपं तयार केली, तेव्हा जखम होऊनही दूरच्या पानांत रोधक जवळजवळ झालाच नाही, आणि तंबाखूवरच्या शिंगवाल्या अळ्या त्या रोपांवर मजेत पोसल्या गेल्या. म्हणजे निरोप या प्रथिनात होता, हे नक्की. पण तो तिथे कोंडलेला होता.

कोंडलेला कसा, ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. ज्या प्रथिनांना पेशीबाहेर जायचं असतं, त्यांतल्या बहुतेकांच्या सुरुवातीला अमिनो आम्लांची एक ठरावीक पट्टी असते. ती पाहून पेशी त्यांना बाहेरच्या वाटेला लावते. प्रोसिस्टेमिनला ही पट्टीच नाही. ते रसवाहिन्यांलगतच्या पेशींत तयार होतं आणि पेशीद्रवातच राहतं. निरोप्या असून त्याला दार माहीत नाही! आणि दार सापडलं तरी १८ आम्लांचा तो तुकडा लांब साखळीतून कापून काढायला कोणीतरी हवं. ते कोण, याचा पत्ता लागायला २०१८ उजाडलं. मॉस्को आणि जर्मनीतलं होहेनहाइम इथल्या संशोधकांनी टोमॅटोच्या पानांतून फायटास्पेज नावाचं विकर वेगळं केलं. हे विकर प्रथिनाची साखळी हवी तिथे कापत नाही. ॲस्पार्टिक आम्ल दिसलं की त्याच्या लगेच पुढे कापतं. प्रोसिस्टेमिनमध्ये सिस्टेमिनच्या दोन्ही टोकांना नेमकी अशी एकेक जागा आहे. संशोधकांनी या दोन जागी वेगळी अमिनो आम्लं घातली, तेव्हा फायटास्पेजला प्रथिन कापता येईना, आणि त्या बदललेल्या प्रोसिस्टेमिनकडून दूरच्या पानांना जागंही करता येईना. फायटास्पेजनं कापल्यावर पुढच्या टोकाला एक ल्युसिन जास्तीचं उरतं. ते दुसरं एक विकर काढून टाकतं.

फायटास्पेज निरोगी पानात राहतं पेशीच्या बाहेर, भित्तिकांमधल्या ओलसर जागेत. प्रोसिस्टेमिन पेशीच्या आत. पानाच्या डब्यात कात आणि चुना वेगवेगळ्या खणांत असतात, आणि विडा चावल्याशिवाय तोंड रंगत नाही, तसला हा मामला. इथे चावण्याचं काम अळी करते. पेशी फाटते, आतलं बाहेर येतं, बाहेरचं विकर त्याला गाठतं आणि निरोप तयार होतो. झाडाला अळी ‘दिसण्याची’ गरजच उरत नाही. घाव हाच निरोप सुटण्याची अट आहे. प्रोसिस्टेमिन आणि फायटास्पेज जखमेत नेमके असेच भेटतात का, याचे सगळे टप्पे अजून कोणी पेशीत प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत, पण दोघांच्या जागा पाहता हाच अर्थ सर्वांत सरळ वाटतो.

सिस्टेमिनच्या कहाणीला दोन वळणं अशी आहेत, की ती सांगितल्याशिवाय पुढे गेलो तर विज्ञान एकाच सरळ रेषेत चालतं असा गैरसमज होईल. पहिलं वळण प्रवासाचं. सिस्टेमिनवर किरणोत्सारी खूण करून ते जखमेत घातलं, तर तासा-दीड तासात ते वरच्या पानांत पोचलेलं दिसे. तेव्हा दूरवर जाणारा निरोप्या तोच, असं सगळ्यांनी धरलं. पण मग मिशिगन स्टेट विद्यापीठात कलमांचे प्रयोग झाले. खाली एका प्रकारचा बुंधा, वर दुसऱ्या प्रकारचा शेंडा. काही रोपांना जॅस्मोनिक आम्ल बनवता येत नव्हतं, काहींना ते ओळखता येत नव्हतं, काहींवर सिस्टेमिनचा परिणाम होत नव्हता. (जॅस्मोनिक आम्लाचं एक सुगंधी भावंड चमेलीच्या अत्तरात असतं; झाडाच्या बचावात हे आम्ल मोठी भूमिका निभावतं.) २००२ आणि २००३ साली निष्कर्ष छापले गेले. जखम झालेल्या पानाला जॅस्मोनिक आम्ल बनवता आलं पाहिजे. दूरच्या पानाला ते फक्त ओळखता आलं तरी पुरतं. सिस्टेमिनची गरज मात्र जखमेच्या आसपासच लागते. म्हणजे दूर जाणारा खरा प्रवासी जॅस्मोनेट, किंवा त्याच्या कुळातलं काहीतरी. सिस्टेमिन जखमेजवळ बसून त्याचं उत्पादन वाढवतं. एवढ्या वर्षांच्या समजुतीला धक्का बसला, पण सिस्टेमिनचं महत्त्व त्यामुळे कमी झालं नाही. त्याची जागा बदलली.

दुसरं वळण ग्राहीचं, म्हणजे पेशीच्या पटलावर सिस्टेमिनला पकडणाऱ्या प्रथिनाचं. २००२ मध्ये असं एक प्रथिन सापडलं, आणि ते वनस्पतींतल्या एका स्टेरॉइड संप्रेरकाचा ग्राही निघालं. एकच ग्राही स्टेरॉइडही ओळखतो आणि पेप्टाइडही, ही बातमी इतकी चटकदार होती की ती खरी असावी असं सर्वांनाच वाटलं असणार. मग ज्या टोमॅटोत तो ग्राही निकामी होता, तीही रोपं सिस्टेमिनला व्यवस्थित प्रतिसाद देताना आढळली. खरा ग्राही २०१८ मध्ये ट्युबिंगेन विद्यापीठातल्या गेऑर्ग फेलिक्स यांच्या गटानं शोधला. पेरूच्या कोरड्या पट्ट्यात वाढणाऱ्या एका रानटी टोमॅटोला सिस्टेमिन ओळखता येत नाही. त्याच्या गुणसूत्रांचे तुकडे साध्या टोमॅटोत घातलेली रोपं एकेक तपासत जाऊन त्यांनी जबाबदार जनुकावर बोट ठेवलं. हा ग्राही नसलेल्या टोमॅटोवर अळ्या जास्त पोसतात. तरी साध्या जखमेला त्या रोपांचा दूरवरचा प्रतिसाद शाबूत राहतो. थोडक्यात, जखमेची बातमी पोचवायला झाडाकडे एकाहून जास्त वाटा आहेत.

सिस्टेमिन फक्त टोमॅटो, बटाटा, मिरची अशा जवळच्या नातेवाइकांत आढळतं. त्याच मोठ्या कुळातल्या तंबाखूतसुद्धा ते नाही. मग बाकीची झाडं काय करतात? रायन यांच्या प्रयोगशाळेनं हा प्रश्न ॲरेबिडॉप्सिसवर विचारला. मोहरीच्या कुळातलं हे वीतभर रानरोप गेली काही दशकं वनस्पतिशास्त्राचं प्रयोगाचं जनावर झालं आहे. २००६ साली ॲलिसा हफेकर, पियर्स आणि रायन यांनी त्याच्या पानांतून २३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड काढलं. तेही एका लांब प्रथिनाच्या शेवटी दडलेलं होतं, आणि त्या ९२ आम्लांच्या प्रथिनालाही बाहेर जाण्याची पट्टी नव्हती. पेप्टाइडला नाव दिलं पेप-१, मूळ प्रथिनाला प्रोपेप-१. अशी आठ भावंडं ॲरेबिडॉप्सिसमध्ये आहेत, आणि त्यांची चुलत-मावस नाती मका, सोयाबीन अशा कितीतरी पिकांत सापडली. रायन २००७ मध्ये वारले. पेप-१ ही त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक.

पेप-१ कसं सुटतं, याचा उलगडा बेल्जियममधल्या गेंट इथे झाला आणि २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. या साऱ्या विषयातलं मला सर्वांत देखणं वाटतं ते हे काम. वनस्पतिपेशीच्या मध्यभागी पाण्यानं भरलेली एक मोठी पिशवी असते, रिक्तिका. प्रोपेप-१ या पिशवीच्या पटलाला बाहेरून, म्हणजे पेशीद्रवाच्या बाजूनं, चिकटून बसलेलं असतं. पेशीद्रवात एक विकर असतं, मेटाकास्पेज-४. ते अर्जिनिनच्या पुढे कापतं. प्रोपेप-१ मध्ये ६९वं आम्ल अर्जिनिन आहे. ९२ मधून ६९ गेले की २३ उरतात, म्हणजे बरोबर पेप-१. पण विकर आणि प्रथिन एकाच पेशीद्रवाला लागून असताना ते एरवी कापत का नाही? इथे टोमॅटोसारखी मध्ये भिंत नाही. इथे कुलूप आहे ते कॅल्शियमचं.

जिवंत पेशी आपल्या पेशीद्रवात कॅल्शियमचं प्रमाण अत्यंत कमी ठेवते. पेशीबाहेर आणि रिक्तिकेच्या आत ते हजारो पट जास्त असतं. पेशी सतत शक्ती खर्चून कॅल्शियम बाहेर लोटत असते, आणि त्याचा फायदा असा, की जराशी फट पडली तरी आत लोंढा येतो. पेशीचे कित्येक नेहमीचे निरोप अशाच छोट्या, क्षणिक लोंढ्यांनी चालतात. मेटाकास्पेज-४ त्यांना दाद देत नाही. त्याला लागतं खूप जास्त आणि काही काळ टिकून राहिलेलं कॅल्शियम. तेव्हाच ते स्वतःची एक जागा कापून जागं होतं आणि मग प्रोपेपकडे वळतं. असं कॅल्शियम पेशीत कधी टिकतं? पटल फाटलं आणि पेशीला ते परत बाहेर लोटता येईना, तेव्हा. म्हणजे साधी हालचाल आणि खरी इजा यांतला फरक विकराच्या घडणीतच बसवलेला आहे.

संशोधकांनी हे मुळांमध्ये पाहिलं. प्रोपेपला चमकणारं प्रथिन जोडलं, लेसरच्या किरणानं एकेक पेशी नेमकी भाजली आणि सूक्ष्मदर्शकातून बघत राहिले. रिक्तिकेभोवतीची चमकदार कड काही मिनिटांत विरघळली आणि चमक पेशीद्रवात पसरली. मेटाकास्पेज-४ नसलेल्या रोपांत ती कड जागची हलली नाही. त्याच वर्षी चीनमधल्या एका गटानं दाखवलं, की या विकराच्या घराण्यातली इतर मंडळीही प्रोपेप कापू शकतात. एका कुलपाला एकच किल्ली ठेवण्याची जोखीम झाडानं घेतलेली नाही.

कापलेला तुकडा बाहेर कसा जातो, या प्रश्नाला आता विशेष अर्थ उरत नाही. पटल फाटलेलंच असतं. २३ आम्लांचा छोटा, सैल तुकडा झिरपून शेजाऱ्यांपर्यंत जातो. शेजारच्या पेशींच्या पटलावर त्याचे दोन ग्राही असतात. त्यांनी तो पकडला की त्या पेशींत कॅल्शियमची क्षणिक लाट येते, ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार होतात, जॅस्मोनेट बनू लागतं आणि बचावाची जनुकं चालू होतात. त्यातलं एक जनुक खुद्द प्रोपेप-१ चं असतं. म्हणजे निरोप मिळालेला शेजारी स्वतःही पुढच्या निरोपाची तयारी करून ठेवतो. हे चक्र सबंध रोपभर पेटत का नाही, याचं एक उत्तर वरच्याच परिच्छेदांत आहे: शेजाऱ्यानं कितीही प्रोपेप साठवलं तरी त्याची स्वतःची पेशी फाटेपर्यंत ते रिक्तिकेलाच चिकटून राहतं. सतत सावध राहणं झाडाला परवडतही नाही. पेप-१ च्या द्रावणात वाढवलेल्या ॲरेबिडॉप्सिसची मुळं खुरटतात.

आपल्या शरीरात इंटरल्युकिन-१ बीटा नावाचं प्रथिन आहे, ताप आणि सूज आणणारं. तेही निष्क्रिय लांब रूपात तयार होतं, त्यालाही बाहेर जाण्याची पट्टी नसते, आणि धोका जाणवला की कास्पेज-१ त्याला कापून मोकळं करतं. पेप-१ शी त्याचं कसलंच नातं नाही. मेटाकास्पेज आणि कास्पेज मात्र लांबचे भाऊबंद आहेत, फक्त कापण्याच्या जागेची आवड दोघांची वेगळी. एकच युक्ती दोन राज्यांत स्वतंत्रपणे जमून आली असावी.

निरोप कापल्याशिवाय सुटत नसेल, तर शत्रूला सोपा मार्ग कोणता? कापणारं विकरच बिघडवणं. मक्यावर काणी आणणारी एक बुरशी आहे; तिच्यामुळे कणसाचे दाणे फुगून राखाडी गाठी होतात. (मेक्सिकोत त्या गाठींची भाजी आवडीनं खातात.) मक्याच्या पेशींबाहेर पपईच्या चिकातल्या पपेनच्या घराण्यातली काही विकरं असतात. कच्च्या पपईनं मटण लवकर शिजतं ते ज्यामुळे, त्याच घराण्यातली ही मंडळी. ती मक्याच्या एका प्रथिनातून १७ आम्लांचा झिप-१ नावाचा तुकडा कापतात, तो सॅलिसिलिक आम्लाची बचावाची वाट उघडतो, आणि त्या वाटेनं आणखी विकरं जागी होतात. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे दाखवलं. बुरशी यावर पिट-२ नावाचं प्रथिन सोडते. मक्याची विकरं ते नेहमीचं काम समजून कापतात, आणि कापून निघालेला तुकडा त्याच विकरांना अडवून ठेवतो. बुरशीनं सरळ रोधक पाठवला नाही. कापण्याच्या सवयीचाच फायदा घेतला.

टोमॅटोवर मर आणणारी फ्युजेरियम बुरशी वेगळीच लबाडी करते. वनस्पतींत राल्फ नावाची पेप्टाइडं असतात. पेशीभोवतीची आम्लता ती झटकन उतरवतात, आणि त्यातली काही बचावाला लगाम घालतात. फ्युजेरियमनं राल्फची नक्कल बनवली आहे. ती सोडून बुरशी मुळाभोवतीची आम्लता स्वतःला सोयीची करून घेते. झाडाच्या भाषेतला झाडाचाच निरोप, पण पाठवणारा दुसराच.

चवळीची गोष्ट मात्र याच्या उलट आहे. अमेरिकी लष्करी अळी आपल्याकडे २०१८ मध्ये आली. आधी कर्नाटकात सापडली आणि पाहता पाहता महाराष्ट्रातल्या मक्याचीही डोकेदुखी झाली. फ्लॉरिडातल्या सरकारी प्रयोगशाळेत एरिक श्मेल्झ आणि त्यांचे सहकारी २००६ मध्ये याच अळीला चवळीची पानं खायला घालत होते. अळी पान चघळते तेव्हा तिच्या तोंडातून थोडा रस पानावर परत पडतो. त्या रसात त्यांना ११ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड मिळालं, इन्सेप्टिन. ते अळीचं नव्हतं. चवळीच्याच हरितद्रव्यकणांत ऊर्जा बनवणारं जे यंत्र असतं, त्याच्या एका प्रथिनाचा तो तुकडा होता. अळीच्या आतड्यातल्या विकरांनी तो पचवता पचवता कापला होता. म्हणजे इथे प्रथिन चवळीचं, पण ते कापणारं विकर शत्रूचं. चवळीच्या पानाला आपल्याच प्रथिनाचा हा ओकलेला तुकडा ओळखता येतो, आणि ओळखल्याबरोबर ते इथिलीन व जॅस्मोनेट बनवू लागतं. शिवाय हवेत असे वास सोडतं, की अळीवर अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्यांना त्यावरून अळीचा माग लागतो. त्याचा ग्राही २०२० मध्ये सापडला. तो चवळी, राजमा अशा जवळच्या शेंगवर्गीयांतच आहे; मक्याला त्याचा उपयोग नाही.

अमेरिकेत शेंगवर्गीय पिकांवरच जगणारी मखमली अळी आहे. तीही चवळी खाते, तिच्याही आतड्यात हेच प्रथिन कापलं जातं, पण चवळी शांत राहते. श्मेल्झ यांच्या गटानं या अळीच्या रसातलं पेप्टाइड मोजून पाहिलं, तर ते एका आम्लानं आखूड होतं. शेवटचं ॲलॅनिन नव्हतं. तेवढ्यानं तुकडा निष्क्रिय होतोच, शिवाय खऱ्या इन्सेप्टिनच्या कामातही अडथळा आणतो. २०१२ मध्ये त्यांनी त्या प्रथिनातलं एक अमिनो आम्ल असं बदललं, की मखमली अळीला ते टोक कापता येईना. तिचा तोच रस पानावर पडला, आणि या वेळी चवळीचा बचाव जागा झाला.